डाव्या स्पीकरमधले ड्रम

जिलाँग, १२ मार्च १९८४

लिंडसे,

सध्या लावलंय: पर्सी गाल्ट आणि त्याचे सहा जण, दहा इंची रेकॉर्ड, दुसरी बाजू. सुई नवी आहे. तरी पहिल्या मिनिटाला तीच जुनी खरखर, शेजारी बसून कुणी शेंगा सोलत असल्यासारखी.

तुझं पत्र पोचलं. तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडलो. तू लिहितोस, "सॅक्सोफोनवाला सूर गाठतो तो तीन मजले चढून आलेल्या माणसासारखा, धापा टाकत." अरे, आपण काय लावलंय ते एकमेकांना कळवायला लागून तेरा वर्षं झाली. तेरा वर्षांतलं तुझं सगळ्यात लांब मत म्हणजे "बरं वाजतं". एकदा "फारच बरं वाजतं" लिहिलंस, तेव्हा मी ते पत्र बायकोला, एनिडला, नेऊन दाखवलं होतं. आणि आता एकदम तीन मजले?

तू पत्रं टाइपरायटरवर लिहायला लागलास, त्याबद्दल मी काही बोललो नाही. हात थरथरतो म्हणालास, मान्य केलं. पण हात थरथरायला लागला की माणसाला उपमा सुचतात, हे मी आजवर ऐकलं नव्हतं.

आणखी एक. गेल्या दीड वर्षात तू एकही नवी रेकॉर्ड घेतल्याचं लिहिलेलं नाहीस. तू! तळपायाला भोक पडलेले बूट घालून रेकॉर्डच्या दुकानात जाणारा माणूस. विकल्यास का सगळ्या? आणि आता जुन्या वहीतून नावं उतरवून मला पाठवतोस? तसं असेल तर सरळ सांग. मी रागावणार नाही. रागावेन, पण ते माझं मी बघेन.

क्लॅरी

जिलाँग, २ एप्रिल १९८४

लिंडसे,

सध्या लावलंय: काहीच नाही. तुझ्या उत्तरावर विचार करतोय.

"विकल्या नाहीत. दोनशे चौदा आहेत. येऊन मोज." असं लिहिलंस. येऊन मोज म्हणतोस, कारण मी येणार नाही हे तुला पक्कं माहीत आहे. मधे समुद्र आहे आणि समुद्राहून मोठं जे आहे, त्याबद्दल बोलायचं नाही असं आपलं ठरलेलं आहे. पत्रात फक्त रेकॉर्ड. फोन नाही, भेट नाही. एकाहत्तर साली तू पहिलं कार्ड पाठवलंस, त्यावर एका रेकॉर्डचं नाव होतं आणि दुसरा शब्द नव्हता. बारा वर्षांनी आलेलं कार्ड! मी ते उलटसुलट करून पाहिलं, कुठे शिवी लिहिली आहे का म्हणून. नव्हती. मग मीही एका रेकॉर्डचं नाव पाठवलं. तेव्हापासून हा नियम.

तर मी नियमात राहूनच विचारतो. तुझ्याकडे वॉल्डो स्पिंक चौकडीची अठ्ठावन्न सालची स्टिरिओ रेकॉर्ड आहे. आपण दोघांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतली होती. ती लाव. पहिल्या बाजूला आधी काय वाजतं आणि नंतर काय, तेवढं कळव. बाकी काही नको.

क्लॅरी

जिलाँग, ३० एप्रिल १९८४

लिंडसे,

सध्या लावलंय: तीच, स्पिंकची. तुझं पत्र मांडीवर घेऊन.

आधी कबुली देतो. मी तुझ्यासाठी सापळा लावला होता. त्या रेकॉर्डच्या लेबलवर छापलंय ते चुकीचं आहे, हे ती वाजवल्याशिवाय कुणाला कळणार नाही. लेबल म्हणतं आधी संथ, मग जलद. तू वहीतून उतरवून पाठवत असतास तर तसंच लिहिलं असतंस. पण तू लिहिलंस, "लेबल खोटं बोलतं. आधी धावपळ, मग रडगाणं." वाचून मी खुर्चीत मोठ्यांदा हसलो. म्हणजे रेकॉर्डी आहेत आणि वाजतायत. माझंच चुकलं म्हणायचं, असं मनाशी म्हणून चहा करायला उठलो.

चहा घेऊन परत बसलो आणि पुढची ओळ वाचली.

"ड्रम डाव्या स्पीकरमधून येतात, पत्र्यावर गारा पडाव्यात तसे."

लिंडसे, न्यू गिनीच्या लढाईत तुझ्याजवळ गोळा फुटला आणि तुझा डावा कान गेला. तो नुसता टोपी अडकवायला उरलाय, असं तूच म्हणायचास. आवाज कुठल्या बाजूने येतो ते तुला कळत नाही. जिलाँगच्या रस्त्यावर हाक मारली की तू भलतीकडेच बघायचास. चौऱ्याहत्तर साली तू मला लिहिलं होतंस की दोन्ही स्पीकर उजवीकडच्या कोपऱ्यात एकावर एक ठेवलेत. "एक कान, एक कोपरा." ते पत्र माझ्यासमोर आहे. हातानं लिहिलेलं.

मग डावीकडून ड्रम कुणाला ऐकू आले?

क्लॅरी

जिलाँग, २१ मे १९८४

जो कोणी हे वाचत असेल त्याला,

"कान जरा सुधारलाय" हे उत्तर मला मिळालं. बेचाळीस वर्षांनी! कान म्हणजे काय सांधेदुखी आहे, हवा बदलली की बरी व्हायला?

शनिवारी दुपारी मी नियम मोडला. टास्मानियात बर्नीला, लिंडसेच्या घरी फोन लावला. एका बाईंनी उचलला; आवाज मला ओळखता आला नाही. मी नाव सांगितलं नाही, फक्त लिंडसे आहे का विचारलं.

"बागेत आहे," त्या म्हणाल्या.

"मग थांबतो."

"बटाटे काढतोय. वेळ लागेल."

"मला घाई नाही."

मागे रेकॉर्ड चालू होती, क्लॅरिनेट. ती बाजू संपली आणि सुई मधल्या रिकाम्या जागेत फिरत राहिली. टक, टक, टक. लिंडसे घरात असो की बागेत, सुई अशी फिरू देणारा माणूस नाही. तो बटाटे टाकून धावत आला असता. मी मोजत होतो. वीस वेळा फिरल्यावर तुम्ही फोन ठेवलात.

तेव्हा आता स्पष्टच विचारतो. तुम्ही कोण आहात? त्याची बायको ऊना, की आणखी कुणी? लिंडसे कुठे आहे? अंथरुणाला खिळलाय का? त्याची पत्रं तुम्ही उघडता ते त्याला माहीत आहे का?

आणि ऑगस्ट ब्याऐंशीमध्ये मी त्याला एक पत्र पाठवलं होतं. त्यात रेकॉर्डचं नाव नव्हतं. ते कुणी वाचलं?

सी. पेनहॉल

जिलाँग, १८ जून १९८४

ऊना,

तुझं हातानं लिहिलेलं पत्र चार दिवस टेबलावर पडून होतं. आज उत्तर द्यायला बसलोय. काही लावलेलं नाही.

तर लिंडसे जाऊन दोन वर्षं होत आली. ब्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये, सकाळी, बूट घालताना. आणि माझं ते पत्र तो गेल्यावर अकरा दिवसांनी पोचलं. तू उघडलंस, वाचलंस, आणि त्याच्या नावानं मला टाइप करून पाठवलंस, "जुनी गोष्ट आहे, क्लॅरी. पुढची रेकॉर्ड लाव."

ऊना, तुला कल्पना आहे का मी त्या दोन ओळींचं काय केलं? घडी करून पाकिटात ठेवल्या. दोन वर्षं छातीशी घेऊन हिंडलो. एनिड गेल्यानंतरच्या हिवाळ्यात, घरात बोलायला भिंती उरल्या होत्या, तेव्हा त्या दोन ओळींवर मी जगलो. लिंडसेनं मला माफ केलं! तेवीस वर्षांनी! आणि आता कळतंय की लिंडसेला मी माफी मागितल्याचं कळलंसुद्धा नाही.

तू लिहितेस, "पत्र आलं तेव्हा मी त्याचे कपडे बांधत होते. टपालवाल्यानं दारात त्याचं नाव घेतलं. इतके दिवस सगळे ते नाव हळू आवाजात घेत होते. त्यानं मात्र नेहमीसारखं खणखणीत घेतलं. मला ते बंद व्हायला नको होतं."

आणि पुढे, "पहिली चार-पाच पत्रं मी त्याच्या वहीतून उतरवली. मग लाज वाटली, म्हणून रेकॉर्ड लावायला लागले. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, पण त्याच्या खोलीत मी कधी बसले नव्हते. तो गेल्यावर स्पीकर खाली उतरवले आणि खिडकीच्या दोन बाजूंना ठेवले. मला दोन कान आहेत, क्लॅरी."

हे वाचून मला रडू आलं आणि त्याचाच जास्त राग आला. तू मला फसवलंस. माझा विश्वास नाही आता तुझ्या कुठल्याच शब्दावर. फोनवर "बागेत आहे" म्हणालीस ते किती सहज! थरथरसुद्धा नव्हती आवाजात.

मला एकच सांग. "जुनी गोष्ट आहे" हे तू मनापासून लिहिलंस, की पत्रं चालू राहावीत म्हणून?

क्लॅरी

जिलाँग, ९ जुलै १९८४

ऊना,

"पत्रं चालू राहावीत म्हणून." चार शब्दांचं उत्तर. इतकं खरं उत्तर मला गेल्या कित्येक वर्षांत कुणी दिलेलं नाही.

त्याखाली तू लिहिलंस, "पण वाचून मनात आलं, बिचारा क्लॅरी, डुलकी लागली आणि नंतर भ्याला. एवढ्याशा गोष्टीपायी आमचं सगळं गेलं. राग कुणावर काढायचा तेच कळेना."

मी दोन आठवडे या ओळीवर अडकून पडलोय. तुझ्यावर संशय घेताना किती जोर होता माझ्या अंगात! लेबलं तपासली, जुनी पत्रं काढली, सुईचे फेरे मोजले. तेवढा जोर आता लावतो आणि लिहितो. थांबलो तर लिहिणार नाही.

मला डुलकी लागली नव्हती.

एकोणसाठ सालचा तो शनिवार. लोकरीच्या गोदामाच्या गेटवर कागदोपत्री पाळी लिंडसेची होती. मेलबर्नला बाहेरचे वादक आले होते, दुपारचा कार्यक्रम होता, आणि त्याच्या जागी मी उभा राहिलो. एवढं मी ब्याऐंशीच्या पत्रात लिहिलं होतं. डुलकी लागली, तेवढ्यात कुणी तरी सहा गठ्ठे नेले, आणि चौकशीत मी घाबरून "मी घरी होतो" म्हणालो, असंही लिहिलं होतं. शेवटचं खरं आहे. मी तसं म्हणालो. लिंडसे समोर उभा होता. "क्लॅरी, अरे सांग ना त्यांना," एवढंच म्हणाला. मी बुटांकडे बघत राहिलो. चोरीचा आळ त्याच्यावर आला, नोकरी गेली, पुढे गावही सोडावं लागलं.

पण लिंडसेनं माझ्याकडे पाळी बदलून मागितली नव्हती, ऊना. मीच त्याच्या मागे लागलो होतो. "जा रे, ऐकून ये. असे वादक पुन्हा येणार आहेत का इथे? गेट मी बघतो." तो नको नको म्हणत होता. तुमच्या छोट्या रसेलला सर्दी झाली होती, तू एकटी होतीस. मी त्याला स्टेशनपर्यंत सोडलं. त्यानं गाडीच्या खिडकीतून मला सलाम ठोकला. मला तो गेटवर नको होता. एनिडचा भाऊ, माझा मेहुणा टेड, तीन वाजता ट्रक घेऊन येणार होता, आणि कुलूप मी स्वतःच्या हातानं उघडून दिलं.

ब्याऐंशीत हे लिहिलं नाही, कारण टेड जिवंत होता, असं मी स्वतःला सांगितलं. टेड गेल्या नाताळात गेला. मग आणखी सात महिने का गप्प बसलो, याला माझ्याकडे नाव नाही.

तू ज्याला बिचारा म्हणालीस तो हा माणूस. तुझी माफी लहान गुन्ह्यासाठी होती. ती परत घे.

क्लॅरी

जिलाँग, ३० जुलै १९८४

ऊना,

तुझं कार्ड मिळालं. त्यावरचं सगळं परत लिहून काढतो, म्हणजे मी वाचलं नाही असं मला म्हणता येणार नाही.

"परत घेतली. आता माझ्याजवळ तुझ्यासाठी काही नाही. मला सांगून उपयोगही नाही, मी लिंडसेवर कधी संशय घेतला नव्हता. रसेलनं घेतला. तो नऊ वर्षांचा होता. तो बापाच्या अंत्यविधीला आला नाही. त्याला सांग. पत्रानं नाही, तोंडानं."

खाली रसेलचा, मेलबर्नजवळच्या फुट्सक्रेचा पत्ता आहे.

ऊना, मी एकाहत्तर वर्षांचा आहे. तो माझं दार लावून घेईल. कदाचित मारेलही. तुला वाटतं मी टाळाटाळ करतोय. बरोबर वाटतं.

क्लॅरी

जिलाँग, २७ ऑगस्ट १९८४

ऊना,

जाऊन आलो. दोनदा फुट्सक्रे स्टेशनवरूनच परत फिरलो होतो, हेही सांगून टाकतो. काल तिसऱ्यांदा गेलो.

रविवार होता. रसेल अंगणात बसचा कुठला तरी सुटा भाग घेऊन बसला होता, हात कोपरापर्यंत काळे. लिंडसेसारखाच खांदा वाकवून बसतो. मी कुंपणाबाहेरूनच नाव सांगितलं.

"पेनहॉल," तो म्हणाला. "तुम्ही आमच्या घरी जेवायला यायचात. मला टोपीतून चॉकलेट काढून दाखवायचात."

"हो."

"आईनं फोन केला होता. कुणीतरी येईल, ऐकून घे म्हणाली. कोण ते सांगितलं नाही."

त्यानं बसा म्हटलं नाही. मी उभ्यानंच सांगितलं. स्टेशनपर्यंत सोडल्याचं, ट्रकचं, कुलपाचं, बुटांकडे बघत राहिल्याचं. काही लपवलं नाही. तू तिथे असतीस तरी तुला माझ्या वाक्यात एकही शब्द बदलावा लागला नसता.

तो हात पुसत होता. हात कधीच पुसून झाले होते, तरी पुसत होता.

"शाळेत मला गठ्ठेचोराचा पोर म्हणायचे," तो म्हणाला. "मी तिघांची नाकं फोडली. चौथ्याच्या वेळी मनात आलं, आपण का मारामारी करतोय? केली असेल यानं चोरी. त्या दिवसापासून सोपं झालं. मी घरी गेलो आणि त्याच्याशी बोलणं टाकलं."

"तुझ्या बापानं सांगितलं नाही कधी तुला?"

"एकदा म्हणाला, 'मी तिथे नव्हतो रे, पोरा.' मी म्हणालो, सगळे चोर तेच म्हणतात. बारा वर्षांचा होतो मी. त्यानं पुन्हा विषय काढला नाही." मग तो म्हणाला, "मी त्याला मातीत ठेवायलासुद्धा गेलो नाही, मिस्टर पेनहॉल. त्या दिवशी मी इथे बसून ब्रेक दुरुस्त करत होतो."

मी म्हणालो की तुला वाटलं तर पोलिसांकडे येतो, वर्तमानपत्रात देतो, म्हणशील तिथे सही करतो. तो हसला, पण बरं नव्हतं ते हसणं.

"कुणाला पडलीय आता त्याची? गोदाम पाडलं. तुम्हाला सही करून झोप लागणार असेल तर करा. मला नको."

"मग तुला काय हवंय?"

"तुम्ही जा."

मी निघालो. पन्नास पावलं गेलो असेन. मागून त्याचे पाय ऐकू आले. मनात म्हटलं, आता मारणार. मी उभा राहिलो, हातसुद्धा वर केले नाहीत.

तो जवळ आला. चेहरा नऊ वर्षांचा झाला होता, ऊना, देवाशपथ सांगतो.

"तो काय ऐकायला गेला होता?" त्यानं विचारलं.

"काय?"

"त्या शनिवारी. मेलबर्नला. कोण होते ते? काय वाजवलं त्यांनी? आमचं सगळं घर ज्याच्यापायी गेलं, ते काय होतं?"

मी आठवून पाहिलं, ऊना. तो त्याच रात्री परतला असेल, सोमवारी चौकशी लागली, आणि त्यानंतर बारा वर्षं आम्ही बोललो नाही. पुढे एकमेकांना शेकडो रेकॉर्ड कळवल्या. सुई कुठली, बाजू कुठली, खरखर किती, सगळं विचारलं. त्या दुपारी तुला काय ऐकायला मिळालं, हे मी लिंडसेला एकदाही विचारलं नाही. मीच त्याला पाठवलं होतं, तरी नाही.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

त्यानं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग मान हलवली आणि आत गेला. दार आपटलं नाही. हळूच लावलं.

घरी येऊन मी कपाटापुढे उभा राहिलो, पण एकही रेकॉर्ड लावाविशी वाटली नाही. लिंडसे त्या रात्री घरी आल्यावर तुझ्याशी बोलला असेल. रसेलच्या उशाशी बसला असेल, काही गुणगुणलाही असेल. तुला आठवत असेल तर लगेच त्याला फोन कर. तो वाट बघतोय.

मला कळवू नकोस.

क्लॅरी